विहिरीत सापडलेले पदक

शिक्षकाने वर्गात सांगितलेले मुलांच्या एका कानातून शिरते आणि दुसऱ्या कानातून निघून जाते, अशी आम्हा शिक्षकवर्गाची जुनी तक्रार आहे. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवून मी निवृत्त झालो, तेव्हा मीही ती तक्रार बरोबर घेऊनच घरी आलो होतो. परंतु गेल्या वैशाखात जी गोष्ट घडली, तिने ती तक्रार माझ्या मनातून कायमची काढून टाकली. शिक्षकाचे कित्येक शब्द वाऱ्यावर जात असतील. तथापि एखादा शब्द मुलाच्या काळजात रुतून बसतो, आणि तो कोणता हे शिक्षकास कळतही नाही. माझा असा एक शब्द अडतीस वर्षे एका विहिरीच्या तळाशी पडून होता. तो वर कसा आला, हे वाचकांस सांगावे, यासाठीच हा लेखनप्रपंच.

वैशाखातील एके दिवशी दुपारी जेवणानंतर मी ओटीवर झोपाळ्यावर पडलो होतो. इतक्यात अंगणात कोणी चप्पल काढल्याचा आवाज झाला. पाहतो तो पन्नाशीच्या घरातील एक धिप्पाड गृहस्थ वाकून नमस्कार करीत होते. “गुरुजी, ओळखलंत?” असा त्यांनी प्रश्न केला. मी ओळखले नाही. नाव सांगताच मात्र ओळख पटली. रत्नागिरीजवळच्या ज्या खेड्यात मी नोकरीच्या आरंभीची आठ वर्षे काढली, तेथील एका शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. पुढे मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाला, आता हवालदार आहे. सूनबाईने पन्हे आणून दिले. ते त्याने घेतले, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. “हे आठवतं का, गुरुजी?”

रुमालात काळे पडलेले, रुपयाहून मोठे असे एक वर्तुळाकार पदक होते. फीत कुजून गेलेली, वरची कडी मात्र शाबूत. एका अंगास पंचम जॉर्ज बादशहांचा मुखवटा. दुसऱ्या अंगास तलवारीवर रेललेला एक चिलखतधारी योद्धा व त्याची ढाल. पदक चांदीचे होते, म्हणूनच पाण्यात व गाळात इतकी वर्षे टिकले. कडेवर त्याच्या पणजोबांचे नाव इंग्रजी अक्षरांत कोरलेले होते. ते नाव वाचताच मला घाम फुटला. कारण ते मी पूर्वी एकदा वाचले होते, भर वर्गात, मोठ्याने.

ती हकीकत १९८६ सालची. माझे वय त्या वेळी सत्तावीस. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आजोबांपाशी काव्य-नाटकांचे संस्कृत केलेला, आणि देशभक्तीने भारलेला असा मी तरुण शिक्षक होतो. सातवीच्या वर्गास मी सत्तावन सालानंतरच्या उठावांची माहिती सांगत होतो. पाठ्यपुस्तकात दोन ओळी असत. परंतु मी एक संपूर्ण तास नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, ज्यांस बाबासाहेब म्हणत, यांच्यावर खर्च केला. भावे हे आडनावच आमच्या कोकणातले. दत्तक नामंजूर झाल्यामुळे व शस्त्रे हिरावून घेण्याच्या कायद्यामुळे ते चिडले. २९ मे १८५८ च्या रात्री त्यांच्या लोकांनी सुरेबान येथे मॅन्सन नावाच्या पोलिटिकल एजंटास ठार मारले. जूनच्या आरंभी तोरगलच्या रानात ते पकडले गेले. आणि १२ जून रोजी बेळगाव येथे त्यांस फाशी देण्यात आले. त्यांस पकडणारा गोरा अंमलदार म्हणजे धारवाडचा पोलीस सुपरिंटेंडेंट फ्रँक सूटर. “या कामगिरीबद्दल सरकारने त्यास मानाची तलवार दिली, मुलांनो!” असे मी दातओठ खाऊन सांगितले.

तेव्हा हा मुलगा हात वर करून उभा राहिला. त्याचा चेहरा आनंदाने फुललेला होता. “गुरुजी, आमचा खापरपणजा सूटरसायबाच्या वेळी मुंबईस शिपाई होता! आणि पणज्याला सरकारने बिल्ला दिलाय. आजी दसऱ्याला त्याची पूजा करते.” मी त्यास तो बिल्ला आणावयास सांगितले. दुसरे दिवशी त्याने तो हळदीकुंकवासकट आणला. मी तो हातात घेतला, कडेवरचे नाव मोठ्याने वाचले, आणि सर्व वर्गास दाखवून म्हणालो, “नीट पाहून घ्या. परका राजा आपल्याच माणसास आपल्या माणसांवर घालतो, आणि त्याबद्दल त्याच्या छातीवर हे अडकवितो. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आणि हे, यांत फारसे अंतर नाही.”

वर्ग हसला. माझ्या वाक्याचा परिणाम झाला म्हणून मला समाधान वाटले. मुलगा खाली मान घालून जागेवर जाऊन बसला. मी फळ्याकडे वळलो, व ती गोष्ट विसरून गेलो.

पुढे काय झाले, ते त्याने मला या वैशाखात सांगितले. त्या दिवशी घरी जाताना त्याने तो बिल्ला परसातल्या विहिरीत टाकला. दसऱ्याला आजीने देवघरातली पितळी डबी उघडली, ती रिकामी. सासऱ्यांची ही एकच वस्तू तिने आयुष्यभर जपली होती. तिचा संशय धाकट्या सुनेवर गेला; कारण तिच्या माहेरी त्या सुमारास काही पैशांची नड होती. “चांदीची वस्तू, मोडीत घातली असेल,” असे आजी बोलून गेली. सून निर्दोष होती, आणि मानी होती. वाद वाढला, देवापुढे शपथा झाल्या, आणि महिन्याभरात धाकटा मुलगा बायको व तान्हे मूल घेऊन मुंबईस निघून गेला, तो आईच्या मृत्यूलाही वेळेवर पोहोचला नाही. हा मुलगा सर्व पाहात होता. बारा-तेरा वर्षांचे पोर. खरे सांगावे, तर बिल्ला का टाकला हेही सांगावे लागणार. आणि आजोबांच्या बापाला गुरुजी कुत्रा म्हणाले, हे त्याच्या जिभेवर येईना. पुढे सांगण्याची वेळ निघून गेली. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या. आणि या वर्षी विहिरीचा गाळ काढताना गड्याच्या फावड्याबरोबर तो बिल्ला वर आला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मी काही तुम्हाला जाब विचारायला आलो नाही. एवढंच सांगा, तुम्ही तेव्हा म्हणालात ते खरं होतं का? मी स्वतः अठ्ठावीस वर्षं हाच गणवेश घालतोय. मला कळायला हवं.”

मी त्यास म्हणालो, “आठ दिवसांनी ये. मी आता घाईने उत्तर देणार नाही. एकदा दिले, ते पुष्कळ झाले.”

त्या आठ दिवसांत मी जे वाचले व जे मनात आले, ते आता सांगतो.

माझ्या नातवाने प्रथम मला मोबाइलवर लंडनच्या लिलावांची पाने दाखविली. जुन्या गोऱ्या पोलीस अंमलदारांची पदके तेथे आजही विकली जातात, आणि प्रत्येक पदकसंचाबरोबर त्या अंमलदाराचे संपूर्ण चरित्र छापलेले असते. जन्म कोठे झाला, कोणत्या जिल्ह्यात कधी नेमणूक झाली, कोणत्या चकमकीत होता, हे सारे तपशीलवार. पदकाबरोबर माणसाची हकीकत असली म्हणजे त्याचे मोल वाढते. आमच्या हवालदाराच्या पणजोबांचे मात्र कडेवरचे नाव तेवढे शिल्लक होते. दरोडेखोराच्या सुऱ्याचा वार दंडावर झेलून त्यांनी एका दुकानदाराचा जीव वाचविला, अशी एक घरगुती आठवण, व तो व्रण ज्यांनी पाहिला ती माणसेही आता हयात नाहीत.

हे पदक म्हणजे ‘किंग्ज पोलीस मेडल’. ते १९०९ साली सप्तम एडवर्ड यांच्या कारकीर्दीत सुरू झाले. शौर्याबद्दल किंवा विशेष सेवेबद्दल ते गोऱ्या अंमलदारास तसेच देशी शिपायासही मिळू शकत असे. ढालीवर जे इंग्रजी शब्द आहेत त्यांचा अर्थ, ‘माझ्या लोकांच्या रक्षणार्थ’. पंतोजीच्या सवयीने मी त्या वाक्याचे पदच्छेद करून पाहिले. सारा घोटाळा त्यातील ‘माझ्या’ या षष्ठ्यन्त पदात आहे. बोलणारा राजा आहे. म्हणून लोक त्याचे. परंतु ज्याच्या छातीवर पदक लागले, त्याने ते वाचले असते, तर ‘माझे लोक’ म्हणजे कोण, असे त्यास वाटले असते? ज्या दुकानदारासाठी त्याने वार झेलला तो, की लंडनचा बादशहा? पदक देणारा एका अर्थाने देतो आणि घेणारा दुसऱ्या अर्थाने घेतो, असे पुष्कळदा घडत असले पाहिजे.

नंतर मी सूटरसाहेबाकडे वळलो. मुंबईचे पोलीस कमिशनर (१९०९ ते १९१६) एस. एम. एडवर्ड्स यांनी मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिला असून तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सूटरची कारकीर्द दिली आहे. त्याचा बाप चव्वेचाळिसाव्या पलटणीतील कॅप्टन. १८४२ च्या अफगाण मोहिमेत गंडमकच्या कत्तलीतून पलटणीचे निशाण अंगाभोवती गुंडाळलेला हा मनुष्य जिवंत राहून कैदी झाला होता. मुलगा १८५४ साली धारवाडास पोलीस सुपरिंटेंडेंट झाला. अठ्ठावन सालची नरगुंदची कामगिरी वर आलीच आहे. त्यानंतर त्यास अहमदनगर-नाशिककडे भागोजी नाईकाच्या पाठीवर धाडण्यात आले.

या भागोजीची गोष्ट वाचून मी थबकलो. वर्गात मी त्यास बंडवाला वीर म्हणून सांगत असे, आणि तो वीर होताच. परंतु हा भिल्ल नाईक मुळात अहमदनगरच्या पोलीसदलातीलच एक अंमलदार होता, हे मी कधी सांगितले नव्हते. कारण मला ठाऊकच नव्हते. १८५५ साली दंगा केल्याचा व पोलिसांस अटकाव केल्याचा आरोप शाबीत होऊन त्यास शिक्षा झाली. सुटून आल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. आणि सत्तावन साली तो डोंगरात शिरला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे त्याच्या लोकांनी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री यास गोळी घालून ठार केले. पुढे दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरे येथे सूटरने त्यास गाठले. हातघाईची लढाई झाली, आणि भागोजी पडला. म्हणजे कालचा पोलीस आज बंडवाला झाला, आणि त्यास मारणाऱ्या टोळीतही देशी शिपाई होते. कोणाच्या गळ्यात पट्टा होता आणि कोणाच्या नव्हता, हे वाटते तितके सोपे नाही.

१८६४ साली सूटर मुंबईचा पोलीस कमिशनर झाला, आणि चोवीस वर्षे, १८८८ पर्यंत, त्या जागेवर राहिला. १८६८ साली त्यास ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाचा तिसऱ्या वर्गाचा मान मिळाला. हा किताब व्हिक्टोरिया राणीने १८६१ साली काढला. फिकट निळ्या फितीला पांढऱ्या कडा, आणि बोधवाक्याचा अर्थ ‘स्वर्गीय प्रकाश हाच आमचा मार्गदर्शक’. १८७५ साली युवराज मुंबईस आले तेव्हा त्यांनी त्यास ‘सर’ केले. १८८८ सालीच निलगिरीवर त्याचा अंत झाला.

सूटरला यशच यश आले, असेही नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत मुंबईत पारशी व मुसलमान यांच्यात दंगा झाला, तेव्हा पोलिसांनी वेळीच आवर घातला नाही म्हणून पारशी समाजाने त्याजवर कडक टीका केली. अखेर लष्कर बोलवावे लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल घातल्याचा प्रकार झाला, आणि चौकशीसाठी सूटरला बडोद्यास पाठविण्यात आले. तेथे खरे शोधाचे काम केले ते त्याच्या हाताखालील अकबर अली व अब्दुल अली या दोघा देशी अंमलदारांनी. मल्हारराव गायकवाड यांच्यावर खटला चालला. सहा जणांचे कमिशन. तीन इंग्रज, तीन देशी. इंग्रजांनी दोषी म्हटले. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांनी आरोप शाबीत झाला असे म्हटले नाही. मते समसमान पडली. तथापि १८७५ च्या एप्रिलात मल्हाररावांस राज्यकारभाराच्या अव्यवस्थेच्या कारणावरून पदच्युत करण्यात आलेच.

आता हे दिनकरराव कोण? आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले चित्पावन गृहस्थ, ग्वाल्हेरचे दिवाण. सत्तावन साली त्यांनी इंग्रजांचा पक्ष धरला. त्यांच्या नावामागे ‘राजा’ लागले, आणि ‘स्टार ऑफ इंडिया’चा मान त्यांच्याकडेही होता. तोच तारा, तीच फीत. परंतु बडोद्याच्या न्यायासनावर बसून त्यांनी सरकारला हवे होते ते मत दिले नाही. छातीवरचा तारा त्यांच्या जिभेवर बसला नव्हता.

दिनकररावांची ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले आणि मान वर केली. तो समोरच्या भिंतीवर आमच्या चुलत-पणजोबांची रावसाहेबकीची सनद! सोनेरी चौकट, इंग्रजी शिक्का, खाली गव्हर्नरसाहेबांची सही. ते मामलेदार होते. दुष्काळात आणि सुकाळात सरकारचा वसूल त्यांनी चोख केला, म्हणून ती सनद. लहानपणापासून तिच्याखाली बसून मी संध्या केली, परवचा म्हटला. पाहुणे आले की वडील ती सनद कौतुकाने दाखवीत, आणि मीही दाखवीत आलो. ती पट्टा आहे, असे मला एकदाही वाटले नाही. आमच्या घराण्याला सनद मिळाली तर तो विद्येचा मान. आणि कुळवाड्याच्या पोराच्या पणजोबाला बिल्ला मिळाला तर ती चाकरी! मी त्या दिवशी वर्गात जी देशभक्ती शिकविली, तिच्या मुळाशी हे होते. हे कबूल करणे मला फार जड गेले. परंतु तेच खरे आहे.

आमच्या जिल्ह्याने मुंबईस शिपाई पुष्कळ पुरविले. खडकाळ जमीन, चार महिन्यांचा पाऊस, भाताचे एक पीक, आणि घरात खाणारी तोंडे दहा; अशा स्थितीत थोरला भाऊ शेत करी आणि धाकटा गलबतात बसून मुंबईची वाट धरी. तेथे गिरणी, गोदी, पलटण किंवा पोलीस. त्यांच्या मनीऑर्डरींवर कोकणातल्या घरांवर कौले चढली. त्या शिपायांनी परक्या राज्याचा दंडुका चालविला, हे खरे. १८८६ पासून १९१६ पर्यंत ब्रह्मदेशच्या थिबा राजास याच रत्नागिरीत अडकवून ठेवले, आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर येथे स्थानबद्ध होते, तेव्हा पाळत ठेवणारे पोलीसही देशीच होते. परंतु त्याच शिपायांनी रात्रीबेरात्री चाळींतून गस्त घातली, हरवलेली मुले घरी पोहोचविली, बुडणाऱ्यास ओढून काढले, आणि प्रसंगी सुऱ्याचा वारही झेलला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच गणवेशात केल्या. इतिहास शिकविणाराने दोन्ही सांगाव्यात. एकच सांगणे म्हणजे मुलांना इतिहास न शिकविता शिवी शिकविणे होय.

यावरून मला आजोबांपाशी शिकलेली नाटके आठवली. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अंगठी सापडलेल्या कोळ्यास मारीत आणणारे दोन रक्षक आहेत. कोळ्यास बक्षीस मिळताच तेच त्याचे जिवलग मित्र होऊन त्याच्याबरोबर दारूच्या गुत्त्याकडे जातात. लहानपणी आम्ही त्यांस पोट धरून हसत असू. परंतु मृच्छकटिकाच्याही सहाव्या अंकात वीरक व चंदनक असे दोन रक्षक आहेत. राजाच्या कैदेतून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपलेला आहे. चंदनक गाडीत डोकावतो. आर्यक शरण येतो. चंदनक त्यास अभय देतो, वीरकाशी मुद्दाम भांडण उकरून काढतो, आणि निघताना आर्यकाच्या हाती तलवार देतो. वीरक हा काही दुष्ट नव्हे. तो आपले काम चोख करीत आहे. शूद्रकाने दोघांनाही रंगभूमीवर उभे केले, आणि एकाच्याही गळ्यात पट्टा बांधला नाही. नरगुंदच्या राजास पकडून सूटरने तलवार मिळविली. आर्यकाला सोडून चंदनकाने तलवार देऊन टाकली. कोणाची योग्यता मोठी, हे मी आजही सांगेन. परंतु ज्याच्यावर तसा प्रसंग कधी आलाच नाही, ज्याने फक्त एका दुकानदाराचा जीव वाचविला, त्यास या तराजूत घालण्याचा मला काय अधिकार होता?

आठ दिवसांनी हवालदार आला. मी त्यास हे सर्व सांगितले. शेवटी म्हणालो, “सूटरविषयी मी जे सांगितले ते खरे होते. तुझ्या पणजोबांविषयी जे म्हणालो ते खोटे होते. मला त्यांच्याविषयी काहीएक माहिती नव्हती, आणि तरी मी बोललो. शिक्षकाने याहून मोठे पाप करू नये. बाळ, मला क्षमा कर.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, २००८ साली तुकाराम ओंबळे गेले, तेव्हा आम्ही सगळे शिपाई रडलो. २६ जानेवारी २००९ ला त्यांना अशोकचक्र मिळालं. तेव्हाही मला हा विहिरीतला बिल्लाच आठवला होता. वाटलं, त्यांचा बिल्ला चांगला आणि आमचा वाईट, हे ठरवतं कोण? वार तर दोघांनी झेलला.” नंतर खालच्या आवाजात विचारले, “आता काकूच्या मुलाला सांगू का? तो तेव्हा तान्हा होता. आपली आई चोर ठरली होती, एवढंच त्याला माहीत. एक दलाल याचे बरे पैसे देतोय. विकून टाकावा आणि गप्प बसावं, असंही मनात येतं.”

मी म्हणालो, “विकण्या न विकण्याविषयी मी सांगणार नाही. परंतु सांगावयास जाणार असशील, तर एकटा जाऊ नकोस. पहिला शब्द माझा होता. मी बरोबर येतो.”

सौभाग्यवतींनी माझ्या गुडघ्यांकडे पाहून विरोध केला, थोरल्या बंधूंनी “गेलेल्या गोष्टी कशास उकरतोस?” असे म्हटले. तथापि ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे सकाळच्या गाडीने दिव्यास उतरून डोंबिवलीस गेलो. घर लहान, दोन खोल्यांचे. भिंतीवर काकूंचे छायाचित्र होते, त्यास ताजा हार. हवालदाराने आरंभ केला, परंतु दोन वाक्यांनंतर त्यास बोलवेना. मग मी बोललो. वर्गात काय झाले, कोणते शब्द वापरले, मुलाने बिल्ला कोठे टाकला, सर्व काही, स्वतःचा बचाव न करता सांगितले.

तो तरुण ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत राग स्पष्ट दिसत होता, आणि तो असणे योग्यच होते. त्याने पदक हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि उठून आईच्या छायाचित्रासमोर ठेवले. आमच्याकडे पाठ करून तो पुष्कळ वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “आईला कधीतरी कळेल, असं ती म्हणायची. उशीर झाला.” क्षमा केली, असे तो म्हणाला नाही. परंतु पत्नीस हाक मारून त्याने चहा ठेवावयास सांगितले, आणि निघताना चुलतभावास विचारले, “दसऱ्याला गावी आलो तर चालेल ना?”

पदक सध्या डोंबिवलीसच आहे. दलालास नकार गेला. १९५१ पासून आपल्याकडे राष्ट्रपतींच्या नावाने पोलीस पदके दिली जातात. आता ज्या लोकांच्या रक्षणार्थ ती मिळतात ते लोक कोणा राजाचे नाहीत, हा फरक लहान नव्हे. तो पुष्कळांनी प्राण देऊन मिळविलेला आहे, आणि त्यात नरगुंदचे भावे व भागोजी नाईक हेही आहेत. हे मी आजही मुलांना तितक्याच आवेशाने सांगेन.

आमच्या ओटीवरची सनद मी काढली नाही. थोरल्या बंधूंस ते रुचले नसते, आणि काढून तरी काय साधणार? मात्र परवा नातवाचा एक मित्र आला आणि त्याने “हे काय?” म्हणून विचारले, तेव्हा मी पूर्वीसारखा कौतुकाने उभा राहिलो नाही. आमचे पूर्वज कोणाची चाकरी करीत होते आणि ती किती चोख करीत होते, हे दोन्ही मी त्यास सांगितले. मग त्यास विचारले, “तुझे आजोबा-पणजोबा काय करीत असत?” आणि तो सांगू लागला, तेव्हा मी मध्ये एक अक्षरही न बोलता ऐकत राहिलो.